गाडी कुणाच्या पायाची

४ मार्च

प्रिय बारके,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू बोलतेस ते मला ऐकू येत नाही, आणि मी बोलतो ते तुझ्या वर्कशॉपातल्या शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जातं, असं तूच मागे म्हणाली होतीस. तेव्हा हे कागदावरच बरं.

तू दिवसभर त्या काउंटरवर बसून लोकांच्या गाड्यांची गाऱ्हाणी लिहून घेतेस. आता सख्ख्या भावाचंही एक लिहून घे.

गुडघ्याची वाटी बदलल्यावर डॉक्टर म्हणाले, क्लच विसरा. म्हणून जुना ट्रक काढून हा मधल्या आकाराचा पिकअप घेतला, ऑटोमॅटिक. विकणारा पोरगेला माणूस म्हणाला, "काका, तुम्ही फक्त बसा, गिअरचं गाडी बघून घेईल." बघून घेते खरी! दुसऱ्यातून तिसऱ्यात जायचं म्हटलं की आधी विचार करते. मी पाय देतो, ती विचार करते. मी आणखी देतो, आणि मग मागून रेड्यानं ढुशी द्यावी तसा दणका. बागेच्या चढावर तर दारात अडलेल्या पाहुण्यासारखं, आत येऊ की परत जाऊ. तिसरा, दुसरा, तिसरा, दुसरा. थांबत आलो की पहिल्यात पडताना खाडकन.

मागे माणसं असती तर चार शिव्या देऊन गप्प बसली असती. माझ्यामागे मधमाश्यांच्या पेट्या असतात. सफरचंदाच्या बागा फुलायला लागल्यात, बागवाले पेट्या मागतायत. आणि मी पोचेपर्यंत माश्या अशा पिसाळलेल्या असतात की झाकण उघडायची सोय नाही. चाळीस वर्षांत माझ्या माश्यांनी मला असं परक्यासारखं वागवलं नव्हतं.

इथला वर्कशॉपवाला म्हणतो, "या मॉडेलला असंच असतं." असंच असतं म्हणजे? उद्या दात दुखतो म्हणून गेलो तर दातवाला म्हणेल, या वयाला असंच असतं.

तुझी वहिनी बरी आहे. तिला गाडीविषयी काही विचारलं की भांडी घासायला उठते. काय करायचं ते कळव.

तुझा
दादा


११ मार्च

ती. दादास,

तक्रार मिळाली. एरवी मी लोकांना अर्ज भरायला लावते, तुला सूट दिली.

चेष्टा सोड. तुझ्यासारखी गाऱ्हाणी या गाडीची माझ्याकडे बरीच आली आहेत. कुणी म्हणतं अडखळते, कुणी म्हणतं लाथ मारते. एक बाई तर म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यासारखी आहे, सांगितलेलं ऐकते, पण उशिरा." तेव्हा तुझं डोकं ठिकाणावर आहे. "असंच असतं" हे उत्तर नाही.

आमच्या गिअरच्या मिस्त्रींना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, या गाडीचा गिअरबॉक्स चालवणाऱ्याचा पाय शिकतो. तू पाय हळू देतोस की दाबून, कधी उचलतोस, हे तो बघत असतो आणि त्याप्रमाणे गिअर कधी बदलायचा ते ठरवतो. या मॉडेलमध्ये हे शिकणं जरा जास्तच हळवं ठेवलंय. कंपनी त्यावर नवा प्रोग्रॅम तयार करतेय म्हणे. तो येईपर्यंत तिथल्या वर्कशॉपमध्ये जा आणि सांग, "याचं शिकलेलं पुसून द्या." त्यांना कळेल. मग काही दिवस एकसारखा, शांत पाय देऊन चालव.

आणि मला एवढं कळव. गाडी थंड असताना त्रास जास्त की तापल्यावर? रिकामी असताना की भरलेली? तुझ्याशिवाय कुणी चालवतं का? आणखी काही हललं, ढिलं झालं, वाजलं?

(वाजलं हे तुला विचारून उपयोग नाही. वहिनीला विचार.)

तब्येतीचं एका ओळीत उरकतोस, तसं नको. नीट लिही.

तुझी
बारकी


२० मार्च

प्रिय बारके,

तुझे मिस्त्री देवमाणूस. इथल्या माणसाला "शिकलेलं पुसून द्या" म्हणालो तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचंच शिक्षण काढलं. पण पुसलं. तीन-चार दिवस गाडी लोण्यासारखी चालली. मी तुझ्या वहिनीला म्हटलं, बारकीनं दुरून पत्रानं गाडी बरी केली. ती "हो का?" म्हणाली आणि भांडी घासायला उठली.

मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

तुझी उत्तरं. थंड-गरम, दोन्हीत. भरलेली असली की जास्त कळतं. सकाळी फार वाईट. मी तासभर चालवली की जरा ताळ्यावर येते, दुसऱ्या सकाळी पुन्हा सगळं विसरलेली. माझ्याशिवाय कुणी चालवत नाही. कोण चालवणार? तुझी वहिनी तर जुन्या ट्रकमध्येही दाराची कडी धरून बसायची.

ढिलं झालंय ते मात्र सांगतो. या झटक्यांनी आरसा हलतो. मधला, मागचं बघायचा. रोज सकाळी बघतो तर खाली झुकलेला असतो, मला त्यात माझी हनुवटीच दिसते. आणि सीटसुद्धा सरकते. पुढे. झटक्यानं सीट मागे जाईल की पुढे, हे मिस्त्रींना विचार.

तब्येत उत्तम. गेल्या महिन्यात अंगावर जरा पित्त उठलं होतं, दोन दिवसांत गेलं. गुडघा बेस आहे. दुपारी जेवलो की कानातली यंत्रं काढून दोन तास ताणून देतो. जग बुडालं तरी कळत नाही. म्हातारपणाची एवढी एकच चैन.

दादा


२७ मार्च

प्रिय वहिनी,

हे पत्र तुझ्या नावानं, आणि दादाच्या हाती लागू नये म्हणून शेजारच्या बसवाल्या काकूंच्या पत्त्यावर पाठवतेय. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या बाई निरोपाच्या पक्क्या असतात असा माझा भरवसा.

वहिनी, झटक्यानं आरसा ढिला होऊ शकतो. पण तो रोज बरोबर तेवढाच खाली झुकत नाही, जेवढा कमी उंचीच्या माणसाला लागतो. आणि सीट आपण होऊन पुढे सरकून थांबत नाही. मी रोज शंभर लोकांचं ऐकते. दादाचं पत्र वाचून मी काउंटरवर एकटीच हसले, तेव्हा समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं त्यालाच हसले.

तू गाडी चालवतेस ना?

मला खरंच खूप आनंद झालाय. फक्त हे लपवून का चाललंय ते कळत नाही. आणि दुसरं एक. दादाला आयुष्यात कधी पित्त उठलं नाही. ते काय होतं?

तुझी
बारकी


२ एप्रिल

प्रिय वन्सं,

बसवाल्या काकूंनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "पकडली गेलीस वाटतं." तुमच्या हाताखाली काम करणाऱ्यांची मला दया येते.

हो, मी चालवते. ह्यांनी कानातली यंत्रं काढून पेटीत ठेवली की मी किल्ली घेते. गाडी सुरू केली, फाटक वाजलं, काकू ओरडल्या, "अगं ब्रेक!", तरी ह्यांच्या घोरण्यात खंड नाही. जुन्या ट्रकचा तो क्लच मला कधी जमला नसता. ह्या गाडीला दोनच पेडल, एक जायचं आणि एक थांबायचं. काकू म्हणाल्या, "शिवणयंत्र चालवतेस ना? मग हे त्याहून सोपं." परत आल्यावर सीट मागे सारायला मी विसरत नाही असं मला वाटत होतं. आरशाचं तर ध्यानातच आलं नाही.

आता का, ते सांगते. तुम्हाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातलीय, पण तुम्ही विचारलंत, आणि मी खोटं बोलणार नाही.

फेब्रुवारीत आम्ही दोघं नदीपलीकडच्या बागेत पेट्या ठेवायला गेलो होतो. ह्यांना मनगटावर एक माशी चावली. एकच. ह्यांना आजवर हजार चावल्या असतील, पाणी लावून पुढे जातात. त्या दिवशी पहिल्यांदा तळवे खाजायला लागले. मग अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज बसला. मी म्हटलं, "अहो, काय होतंय?" तर हातानं म्हणाले, बस गाडीत. आणि स्वतः चालवायला बसले. वन्सं, डोळे सुजून फटी झाल्या होत्या. श्वास शिट्टीसारखा येत होता. मी शेजारी बसले होते, दोन हात, दोन पाय असलेली धडधाकट बाई, आणि मला रस्त्याकडे बघण्याशिवाय काही करता येत नव्हतं. दवाखान्याच्या दारात गाडी भिंतीला टेकवली तेव्हा ह्यांना उतरताही येईना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाळीस वर्षं चावून घेतल्यावर एखाद्याचं शरीर असं उलटतं. पुढची माशी याहून वाईट. माश्या सोडा. हे बाहेर आले आणि म्हणाले, "पित्त आहे." घरी तो विषय बंद. मी एकदा काढला, तर म्हणाले, "कान गेले, गुडघा गेला, आता एवढंच उरलंय, तेही तूच घेतेस का?"

म्हणून तो विषय सोडला. डॉक्टरीणबाईंकडे एकटी जाऊन मांडीत टोचायचं इंजेक्शन घेऊन आले, ते कसं टोचायचं ते शिकले. आणि गाडी शिकतेय. ह्यांना अडवता येत नाही, पण शेजारी नुसतं बसणं आता मला जमणार नाही.

बागेचा चढ मला अजून जमत नाही. गाडी मधेच गिअर बदलते आणि माझा जीव वर येतो. तो जमला की मी स्वतः सांगेन. तोवर ह्यांना काही कळू देऊ नका. माझ्यासाठी एवढं करा.

तुमची
वहिनी


९ एप्रिल

ती. दादास,

तुझं पत्र मिळालं. कामाच्या गडबडीत उत्तराला उशीर झाला.

मिस्त्रींशी बोलले. आरसा आणि सीट यांचा गिअरबॉक्सशी संबंध नसावा, ते तू मनावर घेऊ नकोस. गाडीत दोष आहे हे नक्की. नवा प्रोग्रॅम लवकरच येईल असं कंपनी म्हणते. तोवर धीर धर. शक्यतो लांबच्या बागांना जाऊ नकोस. गेलास तर एकटा जाऊ नकोस, वहिनीला बरोबर ने. तिला जरा बाहेरची हवा लागेल.

आणि दादा, पित्ताचं डॉक्टरांना दाखवलंस का? आपल्या घरात कुणाला पित्त नाही. वेळेवर दाखवलेलं बरं असतं. गाडीचं आणि माणसाचं.

तुझी
बारकी


१७ एप्रिल

बारके,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ते माझ्या बहिणीनं लिहिलेलं नाही, कंपनीनं लिहिलंय. "धीर धर." "लवकरच येईल." "संबंध नसावा." तुला काउंटरच्या पलीकडे बसवून त्यांनी पुरतं आपलंसं केलेलं दिसतंय. ना एक विनोद, ना एक टोमणा. मी तुला लहानपणापासून ओळखतो. तू काहीतरी गिळलंस की असं गुळगुळीत बोलतेस.

मग मीच डोकं चालवलं. मी सीटखाली खडूनं रेघ मारून ठेवली. दुसऱ्या दिवशी सीट रेघेच्या बोटभर पुढे. म्हणजे माझी गाडी कुणीतरी वापरतंय. दिवसाढवळ्या, माझ्या अंगणातून. त्या कुणाचातरी पाय नवशिक्याचा आहे, आणि त्यानं माझ्या गाडीला वाईट सवयी लावल्यात.

उद्यापासून दुपारी झोपणार नाही. पडद्याआड बसणार आणि चोराला धरणार. तुझ्या वहिनीला यातलं काही सांगितलेलं नाही, उगाच घाबरायची.

पित्त बरं आहे.

दादा


३० एप्रिल

प्रिय वन्सं,

फोन केला नाही, कारण आधी सगळं निभावू दे म्हटलं. निभावलंय. हे आता समोरच्या खाटेवर बसून परिचारिकेशी चहावरून भांडतायत, तेव्हा घाबरून वाचू नका.

गेले आठ-दहा दिवस हे दुपारचे जास्तच झोपत होते. दोन तासांचे अडीच-तीन तास झाले. मला काळजी वाटायला लागली की पुन्हा अंगात काही सुरू तर नाही. पण त्यामुळे मला गाडीला वेळ मिळाला हेही खरं. चढ जमला. काकूंनी मागे विटा भरून तो माझ्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतला.

परवा सकाळी पेट्या भरताना हे आपण होऊन म्हणाले, "चल ग, तूही चल बागेत." एरवी मीच मागे लागून जायची, इतक्या वर्षांत पेट्या घेऊन निघताना हे असं कधी म्हणाले नव्हते. मी इंजेक्शन पिशवीत टाकलं आणि बसले.

बागेत शेवटची पेटी उतरवताना ह्यांची तोंडावरची जाळी मानेपाशी जरा वर झाली. मी बघत होते. हे एकदम थांबले. मान वाकडी केली आणि माझ्याकडे पाहिलं. पेटी सावकाश, आपटू न देता खाली ठेवली आणि मग गवतात बसले.

मी धावत गेले. इंजेक्शन मांडीत टोचलं, पॅंटवरूनच. मग ह्यांच्या खिशात हात घातला तर किल्ली तिथं नव्हती. ह्यांनी मूठ पुढे केली. किल्ली त्यांनी आधीच काढून हातात धरली होती.

मी म्हटलं, "उठा. मी चालवते."

मला वाटलं विचारतील, तू? तसं काही विचारलं नाही. माझ्या खांद्यावर भार देऊन उठले आणि दुसऱ्या बाजूच्या दाराकडे वळले.

मी सीट पुढे घेतली, आरसा खाली केला. गाडी निघाली. तो दगडांचा उतार, मग नदीचा पूल, मग चढ. चढावर गाडी तिच्या सवयीप्रमाणे अडली. दुसरा, तिसरा, दुसरा, खाडकन. माझे डोळे भरून आले. म्हटलं, आता नको ग बाई, आता नको. तेवढ्यात ह्यांचा हात दिसला. श्वास लागलेला, ओठ निळे, आणि हात माझ्या डोळ्यांसमोर धरून तळवा सावकाश खाली नेत होते. हळू. पाय तसाच ठेव. उचलू नको. मी तसाच ठेवला. ती एकदा धडकली आणि मग लागली चढायला. हात तसाच हवेत होता, जोवर त्यांना धरवला तोवर. मग तो माझ्या गुडघ्यावर पडला आणि मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला चालवता आलं नसतं. मोठ्यानं बोलत राहिले. "आलंच हं. वळण आलं. पाण्याची टाकी आली. आलंच." ह्यांना ऐकू येत नाही हे मी विसरलेच होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इंजेक्शन आणि गाडी, दोन्हींतलं एक जरी नसतं तरी हे हाती लागले नसते.

गाडी मी सरळ लावली होती, वन्सं. पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध. बाहेर आल्यावर ते बघितलं आणि मग पायरीवर बसून रडले.

तुमची
वहिनी


६ मे

प्रिय बारके,

तुझी वहिनी पेरूच्या झाडाखाली शिवत बसलीय, म्हणून लिहितो. तिनं तुला सगळं कळवलंच असेल. एक गोष्ट तिला ठाऊक नाही, ती तुझ्यापाशी ठेव.

चोर धरायला मी पडद्याआड बसलो, त्याच दुपारी चोर सापडला. आधी काकू आल्या. मग तुझी वहिनी, पदर खोचून. गाडीत बसली आणि मान उंच करून समोर असं बघायला लागली, की जणू समुद्रातून जहाज न्यायचंय. जीभ दातांत धरलेली. फाटकातून बाहेर काढताना खांब थोडक्यात वाचला. मी खिडकीत उभा राहून इकडे पाय दाबतोय, ब्रेक म्हणून.

आधी राग आला. मला न विचारता? मग ती परत आली. गाडी थांबवली, काकू उतरून गेल्या, आणि ही तशीच बसून राहिली, चाकावर डोकं टेकवून. मग उठून बाहीनं डोळे पुसले, सीट मागे सारली. आरसाही वर केला. तेव्हा मला कळलं की ही हौसेनं शिकत नाहीये. फेब्रुवारीतला तो रस्ता आठवला. मी शिट्टीसारखा श्वास घेत होतो, ते मला ऐकू येत नव्हतं. तिला येत होतं, सबंध वाटभर.

मी गुपचूप जाऊन पलंगावर पडलो. ती आत आली तेव्हा घोरलो. त्यानंतर रोज अर्धा तास जास्त घोरायचो. झोप कसली, छताकडे बघत पडायचो. पण चढ जमायचा तर सराव हवा ना? आणि जमला असेल असं वाटलं, तेव्हा तिला बागेत बरोबर घेतलं. तिला कधीतरी सहज म्हणणार होतो, आज तू ने गाडी. ती वेळ माशीनं ठरवली.

तुझ्यावर उगाच भडकलो. तू कंपनीची नव्हतीस, तुझ्या वहिनीची होतीस. बरं केलंस.

डॉक्टरीणबाईंनी मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिलीय. तिथं माशीचंच विष कणाकणानं टोचतात, शरीराला सवय व्हावी म्हणून. दर आठवड्याला जायचं. ते पुरं होईपर्यंत पेट्यांच्या आसपास फिरकायचं नाही. कबूल केलंय. तिच्या तोंडाकडे बघून कबूल केलंय.

दादा


१४ मे

ती. दादास आणि वहिनीस,

दोघांना एकच पत्र. यापुढे मला कुणाचं काही कुणापासून लपवायला सांगू नका. (ते दुसरं मात्र मी पोटात ठेवलंय, दादा.)

तुमची पत्रं वर्कशॉपात वाचली. वाचताना मिस्त्री आले आणि काही न विचारता माझ्या जागेवर बसून गिऱ्हाइकांच्या तक्रारी लिहून घ्यायला लागले. त्यांचं अक्षर कुणालाच लागत नाही, त्या दिवसाच्या गाड्या आम्ही अंदाजानं दुरुस्त केल्या.

दादा, तुझ्यावर ओरडायचं खूप ठरवलं होतं. चार कागद फाडले. "पित्त बरं आहे" म्हणे! माझ्यापासूनसुद्धा? मला एकच भाऊ आहे. एवढंच लिहिते.

आता कामाचं. नवा प्रोग्रॅम आलाय. तुमच्या वर्कशॉपला मी तो पाठवायला लावलाय आणि तिथल्या माणसाला "असंच असतं" हे शब्द वापरायची बंदी केलीय. यानं अडखळणं आणि खाडकन पडणं जाईल, आमच्याकडच्या गाड्यांत गेलंय. पण गाडी पुन्हा कोरी होईल, आणि सुरुवातीला जो चालवेल त्याचा पाय शिकेल. म्हणून मिस्त्रींनी निक्षून सांगितलंय, पहिले काही दिवस एकाच माणसानं चालवा.

कुणी ते तुमचं तुम्ही ठरवा. त्यावर कंपनीचं काही म्हणणं नाही.

तुमची
बारकी


८ जून

प्रिय बारके,

प्रोग्रॅम घातला. वर्कशॉपवाल्यानं किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "काका, आता गाडी नवीकोरी, जशी शिकवाल तशी शिकेल."

तुझी वहिनी सवयीनं दुसऱ्या दाराकडे निघाली होती. मी जागचा हललो नाही. तिनं वळून बघितलं. मी किल्ली पुढे केली. ती म्हणाली, "अहो, नको. तुमची गाडी आहे. माझ्या पायाची सवय लागली तर तुम्हाला त्रास होईल." मी म्हटलं, "होऊ दे. मी लावून घेईन सवय." तो वर्कशॉपवाला मधे उभा. त्याला वाटलं आमचं भांडण चाललंय. त्यानं जाऊन पाणी आणलं.

तर गेले तीन आठवडे तीच चालवते. इस्पितळात तीच नेते. पहिल्या टोचणीला माझा दंड सुजून भोपळा झाला, आता नुसता लाल होतो. तिथं माझ्यासारखाच एक माळी येतो. आम्ही एकमेकांना दंड दाखवतो.

गाडी चांगली चालते. तुला खरं वाटणार नाही, पण सोमवारी पेट्या बघायला निघालो आणि मी झोपलो. चालत्या गाडीत जन्मात कधी झोपलो नव्हतो. जाग आली तर गाडी बागेच्या फाटकापाशी उभी, इंजिन बंद, आणि ही चाकावर हात ठेवून शांत बसलेली. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी म्हटलं, "उठवायचं ना?" म्हणाली, "माश्या कुठं पळून जातायत?"

मला काचा लावून गाडीतच बसायचा हुकूम आहे. पेट्या तीच उघडते. महिनाभर मी घरी पेटीतल्या रिकाम्या चौकटी हातात देऊन तिला शिकवलं, कशी उचलायची, कशी उन्हाकडे धरायची, हजारो माश्यांत एक राणी कशी हुडकायची. काचेतून मी हातानं खुणा करतो. ती अर्ध्या बघते, अर्ध्यांकडे दुर्लक्ष करते. तीन पेट्या झाल्या. चौथीपाशी ती थांबली. चौकट हातात धरून स्तब्ध उभी राहिली. चावली की काय? मी काचेवर थापा मारल्या. तिनं मान वर केली नाही. मग चौकट हलक्या हातानं पेटीत ठेवली, झाकण लावलं, आणि गाडीकडे पळत आली. साठीची बाई, गवतातून, जाळीसकट पळत. काचेला तोंड लावून काहीतरी बोलली. मला कळेना. मी हातानं विचारलं, काय? तिनं जाळी वर केली आणि एकेक शब्द सुटा करून, तोंड मोठं उघडून सांगितलं.

"राणी. दिसली. मला. राणी दिसली!"

मी काच खाली करायला गेलो, तर बोट उगारून दटावलं. आधी ती अंगावरच्या माश्या झटकणार, मगच दार उघडायचं.

तुझा
दादा